संगमेश्वर परिसरातील दोन धावांची फटफटी : स्मरणरंजनाची साक्ष

संगमेश्वर म्हटले की इतिहासाच्या अभ्यासकास १६८९ साल आठवते. त्या वर्षी ह्याच परिसरात संभाजी महाराज मोगलांच्या हाती सापडले. कोणास कसब्याचे कर्णेश्वराचे देवालय आठवेल, कोणास शास्त्री व सोनवी ह्या नद्यांचा संगम. प्रस्तुत निबंधाचा विषय ह्या सर्वांहून फार अलीकडचा आहे, आणि इतिहासाच्या पत्रिकेत त्याला जागा का द्यावी अशी शंका काही वाचकांस येणे स्वाभाविक आहे. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात ह्या डोंगराळ मुलखात आलेल्या आणि आता जवळजवळ नाहीशा झालेल्या दोन धावांच्या एंजिनांच्या मोटारसायकली, आणि त्यांच्याविषयी आज बोलले जाणारे हळवे बोल, हा तो विषय होय.

हळवेपणा आहे ह्यात संशय नाही. जावा आणि येझदी गाड्यांचे शौकीन जुलै महिन्याच्या दुसऱ्या रविवारी 'आंतरराष्ट्रीय जावा दिवस' साजरा करतात. जुन्या गाड्या उजळून त्यांच्या फेऱ्या निघतात. व्यापाऱ्यांनीही ही भावना अचूक ओळखली आहे. जावा हे नाव २०१८ साली आणि येझदी हे नाव २०२२ साली पुन्हा बाजारात आले, बजाजच्या चेतकने २०२० पासून आणि लुनाने २०२४ पासून विजेवर चालणाऱ्या गाडीचे रूप घेतले. चारही ठिकाणी नाव परतले, जुने एंजिन मात्र एकाही ठिकाणी परतले नाही. स्मरणाची वस्तू आणि स्मरणाचे निमित्त ह्यांतील हे अंतर लक्षात घेतल्याखेरीज ह्या भावनेचा साधन म्हणून उपयोग करता येत नाही. स्मरणरंजन खोटे असते असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. ते निवड करते, आणि त्याने काय निवडले व काय टाकले हे तपासणे हे इतिहासकाराचे काम आहे, एवढेच प्रतिपादन आहे.

आधी भूमी पाहू. शास्त्री नदी जयगडजवळ समुद्रास मिळते. एके काळी तिच्या पात्रातून गलबते संगमेश्वराच्या बाजूस बरीच आत येत, पुढे पात्र गाळाने भरत गेले आणि जलमार्गाचे महत्त्व ओसरले. तालुक्याचे मुख्य ठाणेही संगमेश्वर नसून देवरूख आहे. स्वातंत्र्यानंतर मुंबई–गोवा रस्ता हाच ह्या भागाचा कणा झाला. पेण, महाड, पोलादपूर, मग कशेडीचा घाट, खेड, परशुरामाचा घाट, चिपळूण, आणि पुढे आरवली–तुरळवरून संगमेश्वर असा तो मार्ग. कोकण रेल्वे संपूर्ण लांबीने सुरू झाली ती १९९८ च्या जानेवारीत. तोवर मुंबईचा चाकरमानी गावी यायचा तो मुख्यतः एस. टी. ने. परंतु एस. टी. त्याला फाट्यापर्यंत किंवा फार तर मोठ्या गावापर्यंत आणून सोडी. कोकणातील गाव म्हणजे एक वस्ती नव्हे. डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या, त्यांना जोडणाऱ्या जांभ्या दगडाच्या पाखाड्या, मध्ये पऱ्ये आणि त्यांवरचे साकव, अशी तिची रचना असते. शेवटची वस्तीची गाडी चुकली की फाट्यापासून वाडीपर्यंतची वाट पायांनीच तुडवावी लागे. पावसाळ्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस घेणाऱ्या ह्या जिल्ह्यात ती वाट किती लांब होत असेल हे सांगावयास नको. फाटा आणि वाडी ह्यांमधील ह्या मोकळ्या जागेत फटफटी शिरली.

फटफटी हा शब्द बहुधा दोन धावांच्या एंजिनाहून जुना असावा. इंग्रजी अमदानीतील चार धावांच्या, एका सिलिंडरच्या अवजड गाड्यांचा संथ, सुटा सुटा ठोका त्या शब्दात जसाच्या तसा ऐकू येतो. दोन धावांचे एंजिन तसे बोलत नाही. ते घाईने, सलग, थोडे किनऱ्या आवाजात बोलते. आवाज बदलला तरी नाव टिकले, आणि खेड्यातील बोलीत राजदूत असो की जावा, ती फटफटीच राहिली.

ह्या एंजिनाची रचना थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण पुढील विवेचन तीवर अवलंबून आहे. चार धावांच्या एंजिनात दट्ट्याच्या चार धावांमागे एकदा ठिणगी पडते, येथे दोन धावांमागे, म्हणजे दांड्याच्या प्रत्येक फेऱ्यास. झडपा नाहीत, त्यांची यंत्रणा नाही. हलणारे मुख्य भाग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. जोसेफ डे ह्या इंग्रज अभियंत्याने १८९१ च्या सुमारास ही साधी रचना सिद्ध केली, आणि पुढे जर्मनीत श्नुर्ले ह्याने १९२० नंतरच्या दशकात तीत मोलाची सुधारणा केली. स्वस्त, हलके, चढावर जोरकस आणि गावच्या मिस्त्रीला उलगडणारे असे हे यंत्र होते. दोषही त्याच साधेपणातून आले. सिलिंडरमध्ये येणाऱ्या ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच धुराबरोबर निसटतो. वंगणासाठी तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागत असल्याने तेही जळते, आणि मागे निळसर धुराचा पट्टा राहतो. त्या धुराचा वास आज अनेकांच्या आठवणींत सुगंध होऊन बसला आहे. ज्या मुलाचे घर चढाच्या वळणावर होते त्याला तो कसा वाटत असे, हे मात्र कोणी विचारीत नाही.

देशातील उद्योगाचा इतिहास सुपरिचित असल्याने तो धावता घेतो. १९५१ च्या उद्योगविषयक कायद्यानंतर उत्पादन परवान्याने बांधले गेले. परकीय सहकार्याने कारखाने उभे राहिले. म्हैसूरच्या आयडियल जावाने १९६० च्या सुमारास चेकोस्लोव्हाकियाच्या जावा गाड्या बनवावयास घेतल्या आणि १९७३ पासून त्यांना येझदी हे नाव दिले. एस्कॉर्ट्सने १९६२ पासून पोलंडच्या एस.एच.एल. गाडीवरून राजदूत तयार केली. पुण्याजवळ आकुर्डीस बजाजच्या स्कूटरी होऊ लागल्या. पियाजिओशी असलेला करार १९७१ मध्ये संपल्यावर १९७२ साली चेतक आली, आणि तिच्यासाठी वर्षानुवर्षे वाट पाहणारे लोक हा त्या काळच्या मध्यमवर्गीय विनोदाचा एक कायम विषय झाला. पुण्याच्या कायनेटिक एंजिनिअरिंगची लुना १९७२ सालचीच. १९७३ च्या 'बॉबी' चित्रपटाने राजदूतच्या एका छोट्या गाडीस असे काही वेड लावले की तिचे खरे नाव मागे पडून ती 'बॉबी' म्हणूनच ओळखली जाऊ लागली. पुढे धोरण सैल झाल्यावर जपानी सहकार्याच्या गाड्या आल्या. १९८३ मध्ये यामाहाच्या रचनेची राजदूत ३५०, १९८४ मध्ये इंड-सुझुकी, १९८५ मध्ये आर.एक्स. १००.

आता आठवणींकडे वळू. त्यांत वारंवार येणारा शब्द म्हणजे स्वातंत्र्य. मोकळा रस्ता, वेग, वारा. हे चित्र सपाट देशावर शोभेल. संगमेश्वर तालुक्यात ते कितपत लागू पडते हे साखरप्याहून आंबा घाटाने कोल्हापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर पाहावे. चढताना ही गाडी आपले गुण दाखवी. मागे माणूस आणि पुढे पिशव्या असतानाही ती दुसऱ्या गिअरमध्ये धापा टाकीत वर जाई, मग माथ्यावर एंजिन निवावे म्हणून थांबावे लागे. खरी परीक्षा उताराची. चार धावांच्या गाडीत पेट्रोल बंद करून गिअरमध्ये उतरले तर एंजिन गाडीस रोखून धरते. येथे तो रोध दुबळा, आणि त्यात धोका दडलेला. तेल पेट्रोलबरोबरच येत असल्यामुळे मूठ पूर्ण बंद ठेवून लांब उतार उतरले तर एंजिन वेगाने फिरत राहते पण त्याला वंगण मिळत नाही, आणि दट्ट्या सिलिंडरमध्ये अडकतो. मागचे चाक एकाएकी थबकते. दरीच्या बाजूच्या वळणावर असे घडणे म्हणजे काय ते सांगण्याची गरज नाही. म्हणून जाणते चालक उतारावरही मधूनमधून मूठ पिळीत, आणि डावा हात क्लचवर सावध ठेवीत. आर.एक्स. १०० मध्ये तेलाची टाकी वेगळी आणि ते पुरविणारा पंप होता. जुन्या राजदूतमध्ये आणि जावात मात्र वीस-पंचवीस भाग पेट्रोलास एक भाग तेल असे मिश्रण हातानेच करावे लागे. तेल कमी पडले तर एंजिन अडके, जास्त झाले तर प्लग काजळून गाडी बंद पडे. खिशात एक जादा प्लग आणि तो घासावयास पॉलिश पेपरचा तुकडा, ही त्या काळच्या स्वाराची ओळख होती. पावसात पॉइंटात पाणी गेले की किक मारमारून पाय दुखे. सहा व्होल्टांचा दिवा एंजिन मंदावले की मंदावे, म्हणजे जेथे उजेड सर्वांत अधिक हवा त्या वळणावर तो सर्वांत कमी मिळे.

स्वातंत्र्य ह्या शब्दाखाली असलेली खरी वस्तू म्हणजे हे ज्ञान होय, असे मला वाटते. ते पुस्तकात नव्हते. मिस्त्रीच्या कानात आणि स्वाराच्या मनगटात होते. आवाजावरून पॉइंटची फट बिघडली हे ओळखणे, सायलेन्सर उघडून आतील काजळी खरवडणे, जावाची किक मारून झाल्यावर तोच दांडा पुढे वळवून गिअरसाठी वापरणे, ह्या गोष्टी यंत्रासमवेत लोपत आहेत. ह्या बाबतीत स्मरणरंजनाची साक्ष कागदपत्रांहून अधिक मोलाची आहे. परिवहन कार्यालयाच्या नोंदवहीत गाडीचा क्रमांक सापडेल, मालकाचे नाव सापडेल. आंबा घाट उतरताना मूठ किती पिळावी हे त्यात सापडणार नाही.

परंतु ह्याच साक्षीचा दुसरा भाग असमाधानकारक आहे. आज ज्यांचे सोहळे होतात त्या जावा, येझदी आणि यामाहाच्या गाड्या होत. कोकणातील गावरस्त्यांवर ज्यांनी ओझी वाहिली त्यांत राजदूतच्या बरोबरीने लुना आणि बजाजची एम-८० ह्यांची गणना करावी लागते. ती दोन्हीही दोन धावांचीच यंत्रे. मासळीच्या टोपल्या, दुधाचे कॅन, आंब्याच्या पेट्या, गॅसची टाकी, पेंढ्याचा भारा, असे जे पडेल ते ह्या गाड्यांनी वाहिले. लुनाचे पेट्रोल संपले तर पेडल मारून घर गाठता येई. ह्यांच्याविषयी प्रेमाने बोलणारे आहेत, नाही असे नाही, परंतु त्या बोलण्यात अनेकदा हसू मिसळलेले असते. जावाविषयी बोलताना तसे हसू येत नाही. ज्या यंत्राने काम केले त्याची थट्टा आणि ज्याने शोभा दिली त्याचा गौरव, ही निवड यंत्रांची नसून वर्गाची आहे.

स्त्रियांच्या बाबतीत ही निवड आणखी स्पष्ट होते. मोटारसायकलीच्या आठवणींत स्त्री असलीच तर ती मागच्या आसनावर, एका बाजूस पाय सोडून बसलेली असते. एका हाताने पदर आणि दुसऱ्या हाताने मूल सावरीत घाट उतरणाऱ्या त्या प्रवासिनीस वाऱ्याचे स्वातंत्र्य किती वाटले असेल, ह्याविषयी साधने मौन पाळतात. उलट लुनेवरून, आणि १९८४ नंतर बटण दाबून सुरू होणाऱ्या, गिअर नसलेल्या कायनेटिक होंडावरून, शिक्षिका, परिचारिका, कार्यालयांतील स्त्रिया स्वतः गाडी चालवीत कामावर जाऊ लागल्या. कायनेटिक होंडाही दोन धावांचीच. तरीही 'टू-स्ट्रोकचा जमाना' म्हणताना ती कोणाच्या डोळ्यांसमोर सहसा येत नाही. संगमेश्वर–देवरूख रस्त्यावरून अशा गाडीने नोकरीस गेलेल्या स्त्रियांच्या आठवणी नोंदविल्या गेल्या, तर ह्या विषयाची मांडणीच बदलेल असे माझे अनुमान आहे.

हा जमाना संपला कसा, ह्याविषयीही प्रचलित समजूत अपुरी आहे. प्रदूषणाच्या नियमांनी ह्या गाड्या मारल्या असे सरसकट म्हटले जाते. १९९१ पासून धुराची मर्यादा ठरविणारे नियम आले, १९९६ आणि २००० मध्ये ते कडक झाले, हे खरे. आर.एक्स. १०० चे उत्पादन १९९६ मध्ये थांबले, आणि म्हैसूरचा कारखानाही त्याच वर्षी बंद पडला. परंतु नियमांच्या आधीच, १९८५ साली, हिरो होंडाची चार धावांची सी.डी. १०० बाजारात आली होती. तेवढ्याच पेट्रोलात ती पुष्कळ अधिक अंतर जाई आणि तिच्यात तेल मिसळावे लागत नसे. खेड्यातील गिऱ्हाईकाने हा हिशेब कोणत्याही समितीच्या आधी केला. ज्या काटकसरीपायी त्याने राजदूत घेतली होती त्याच काटकसरीपायी त्याने ती टाकली. जुन्या गाडीवर त्याचे प्रेम नव्हते असे नाही, परंतु प्रेमाने टाकी भरत नाही. शहरातल्या संग्राहकाने तीच गाडी पुढे भंगारातून उचलून रंगविली, आणि तिची आठवणही त्याच्याच शब्दांत लिहिली गेली.

संशोधनाच्या दृष्टीने काळ थोडा उरला आहे. १९६२ साली विशीत असलेला स्वार आज ऐंशीच्या पुढे आहे. त्या वेळचे मिस्त्री बरेचसे गेले, आणि त्यांच्या गॅरेजांच्या जागी आता नव्या गाड्यांची दुकाने आहेत. मुंबई–गोवा मार्गाच्या रुंदीकरणात जुनी वळणे व कडेच्या टपऱ्या नाहीशा होत आहेत, आणि कशेडीचा घाट आता बोगद्याने टाळता येतो. मोटारवाहनांच्या १९८८ च्या कायद्याप्रमाणे खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते. ती न केलेल्या असंख्य गाड्या पडवीत आणि गोठ्याच्या आडोशाला गंजत आहेत. ह्या विभागातील विद्यार्थ्यांनी संगमेश्वर, देवरूख आणि साखरपा येथील वृद्ध स्वार, मिस्त्री, मासळी विकणारे आणि नोकरी करून निवृत्त झालेल्या स्त्रिया ह्यांच्याकडे आधी जावे. जावाच्या शौकिनांकडे नंतर गेले तरी चालेल, कारण त्यांच्या आठवणी छापल्या गेल्याच आहेत.