फ्रेंच सायकलीचे आटे

जुनी फ्रेंच शर्यती सायकल पुन्हा उभी करायची, तर तिच्याच काळातले सुटे भाग शोधावे लागतात. याचे कारण मापांत आहे. इंग्रजांचे माप इंचाचे. त्यांच्या हँडलचा दांडा सात अष्टमांश इंच, म्हणजे २२.२ मिलिमीटर जाड. मेट्रिक मापाच्या फ्रान्समध्ये तो बरोबर २२. फरक केसाएवढा, पण ठोकून बसवायला जावे तर चिमट्याची नळी बिघडते.

१९६०-७०च्या दशकांतली प्यूजो पीएक्स-१० घ्या. नळ्या इंग्लंडच्या रेनॉल्ड्सच्या. क्रँक स्ट्राँगलाइटची, ब्रेक माफाकचे, गिअर सिम्प्लेक्सचे. दोषही होतेच. पायडलच्या आसाची उजवी वाटी इंग्रजी सायकलीत उलट्या आट्यांची असते. फ्रेंच सायकलीत ती सरळ आट्यांची, म्हणून चालवताना सैल होते. सिम्प्लेक्सचे डेल्रिन प्लॅस्टिकचे गिअर तर वयोमानाने तडकतात.

१९८०च्या दशकात जपानी भागांपुढे फ्रेंच कारखाने मागे पडले आणि ही मापेही त्यांच्याबरोबर गेली. बळकट जपानी गिअर लावून सायकल अधिक चांगली धावेल. तरीही जाणता कारागीर तोच तडकणारा गिअर हुडकून आणतो. जुन्याला सुधारणे सोपे असते, त्याच्या चुकांसकट सांभाळणे अवघड. त्यासाठी ती उजवी वाटी पुन्हा पुन्हा आवळायची तयारी हवी.