पिस्तुलाची मूठ निवडताना

पॅरिस ऑलिंपिकमध्ये 2024 साली मनू भाकरने 10 मीटर एअर पिस्तूल प्रकारात कांस्यपदक मिळविले आणि सरबज्योत सिंगच्या साथीने मिश्र सांघिक प्रकारात दुसरे कांस्यही पटकावले. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या आशियाई क्रीडास्पर्धेत 25 मीटर पिस्तूल प्रकाराचे सुवर्णपदक जिंकले होते. अशा यशानंतर पिस्तूल नेमबाजीकडे वळणाऱ्या मुलामुलींचे पालक प्रथम पिस्तूल कोणत्या कंपनीचे घ्यावे, याची चौकशी करतात. वास्तविक तितकाच महत्त्वाचा प्रश्न मुठीचा असतो. पिस्तुलाचा जो भाग नेमबाजाच्या हाताशी सर्वाधिक जोडलेला असतो, तो म्हणजे मूठ. आणि तो बदलता येतो.

मिलिमीटरचा हिशेब

एअर पिस्तुलाच्या पुढच्या व मागच्या साइटमधील अंतर 33 सेंटीमीटर धरले आणि पुढची साइट मागच्या खाचेच्या मध्यापासून अवघा एक मिलिमीटर सरकली, तर 10 मीटरवर छर्रा मध्यापासून सुमारे 30 मिलिमीटर दूर लागतो. लक्ष्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास 11.5 मिलिमीटर असतो. म्हणजे एका मिलिमीटरच्या चुकीने दहाचे सात गुण होतात. मूठ हाताला बसत नसेल, तर ही चूक मनगट वळवून दुरुस्त करावी लागते. साठ नेमांच्या फेरीत मनगट थकते आणि दुरुस्ती कमी-अधिक होऊ लागते. योग्य मुठीचे काम इतकेच, की हात दरवेळी त्याच जागी बसावा आणि साइट आपोआप एका रेषेत याव्यात.

माप हाताचे, पिस्तुलाचे नव्हे

स्पर्धेच्या पिस्तुलांच्या मुठी बहुधा अक्रोडाच्या किंवा थर चिकटवून केलेल्या लाकडाच्या असतात. अलीकडे थ्रीडी प्रिंटरवर तयार केलेल्या प्लॅस्टिकच्या मुठीही मिळतात. त्या लहान, मध्यम, मोठ्या अशा मापांत आणि उजव्या व डाव्या हातासाठी वेगवेगळ्या बनविल्या जातात. प्रत्येक उत्पादकाचे मापन निराळे असल्याने एकाचे 'मध्यम' हे दुसऱ्याचे 'लहान' ठरू शकते. शिवाय एका मॉडेलची मूठ दुसऱ्याला बसेलच असे नाही. त्यामुळे मागणी नोंदविताना पिस्तुलाचे नेमके मॉडेल कळवावे. तळव्याची रुंदी आणि मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी मोजून ती उत्पादकाच्या तक्त्याशी ताडून पाहावी.

डावखुऱ्या नेमबाजाने उजव्या हाताच्या मुठीवर भागवून घेऊ नये. हंगेरीच्या कॅरोली टाकाच यांचा उजवा हात 1938 मध्ये हातबॉम्बच्या स्फोटात निकामी झाला. त्यांनी डाव्या हाताने सराव करून 1948 व 1952 च्या ऑलिंपिकमध्ये रॅपिड फायर पिस्तुलाचे सुवर्ण जिंकले. हात शिकविता येतो, हे खरे. परंतु एका हाताच्या तळव्यासाठी कोरलेले लाकूड दुसऱ्या हातात नीट बसत नाही.

काय तपासावे?

अंगठा आणि तर्जनी यांमधील बेचके मुठीच्या मागील वळणात शक्य तितके वर, फट न राहता बसावे. हात जितका नळीच्या जवळ, तितका पिस्तुलाचा झटका कमी जाणवतो. 25 मीटर प्रकारात हे विशेष महत्त्वाचे आहे. महिलांच्या 25 मीटर पिस्तुलाच्या दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक नेमासाठी लक्ष्य फक्त तीन सेकंद उपलब्ध असते. खाली धरलेला हात उचलल्यावर पकड सुधारण्यास तेथे अवधी नसतो.

पकडीचा मुख्य भार मधले बोट व अनामिका यांवर असावा आणि त्यांचा दाब सरळ मागे यावा. अंगठा व करंगळी यांनी मूठ आवळू नये. तर्जनीचे पहिले पेर चापावर सहज पोहोचले पाहिजे आणि बोटाचा उरलेला भाग मुठीला टेकता कामा नये. तो टेकला, तर चाप ओढताना पिस्तूल बाजूला ढकलले जाते. बोट चापावर ताणून न्यावे लागत असेल तर मूठ मोठी. बोट चापाच्या फार पुढे जात असेल तर ती लहान समजावी.

तळहाताखालची, वरखाली सरकणारी फळी हाताला आधार देण्यासाठी असते, हात जखडण्यासाठी नव्हे. उन्हाळ्यात हात किंचित फुगतो. वातानुकूलित रेंजवर घट्ट बसविलेली फळी मे महिन्यात उघड्या रेंजवर बोचू लागते.

डोळे मिटून चाचणी

मूठ योग्य आहे की नाही, याची सोपी परीक्षा आहे. पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून, नळी लक्ष्याच्या दिशेने ठेवून ते नेहमीप्रमाणे धरावे. डोळे मिटून हात उचलावा, श्वास स्थिरावू द्यावा आणि मग डोळे उघडावेत. पुढची साइट खाचेच्या मध्यभागी दिसली, तर मूठ जुळली. ती सतत एकाच बाजूला दिसत असेल तर दोष मुठीच्या आकारात, आणि दरवेळी निराळ्या जागी दिसत असेल तर पकडीत सातत्य नाही, असे मानावे. ही चाचणी किमान दहा वेळा करावी; एकदोन वेळा जुळणे हा योगायोगही असू शकतो.

कानस आणि पुट्टी

बाजारातून आणलेली मूठ क्वचितच जशीच्या तशी जुळते. हाताला खडूची पूड लावून मूठ धरली, की ती कोठे टेकते व कोठे पोकळ राहते ते दिसते. पोकळ जागी इपॉक्सी पुट्टी भरावी आणि बोचणारा भाग कानशीने किंवा पॉलिश पेपरने हलक्या हाताने कमी करावा. पुट्टी काढता येते, घासलेले लाकूड परत येत नाही. म्हणून आधी भरावे, नंतर घासावे. एका वेळी एकच बदल करून चार-पाच दिवस सराव करावा. मूळ मूठ जपून ठेवावी. नवी मूठ बसविल्यावर साइट पुन्हा जुळवून घ्याव्यात.

मूठ काढण्यापूर्वी पिस्तूल रिकामे करून मॅगझिन बाहेर काढावे. परवान्याच्या पिस्तुलाच्या यंत्रणेस मात्र घरी हात लावू नये. शस्त्र कायदा, 1959 नुसार बंदुकांच्या दुरुस्तीच्या व्यवसायासाठी परवाना आवश्यक आहे.

नियमांची चौकट

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार एअर पिस्तुलाचे वजन 1500 ग्रॅमपेक्षा अधिक नसावे आणि ते 420 × 200 × 50 मिलिमीटरच्या पेटीत मावले पाहिजे. 25 मीटरच्या पिस्तुलासाठी ही मर्यादा 1400 ग्रॅम व 300 × 150 × 50 मिलिमीटर अशी आहे. मुठीचा कोणताही भाग मनगटाच्या मागे आधार देता कामा नये. तळाच्या फळीचा मुठीशी कोन 90 अंशांहून कमी नसावा, तिची कड वर वळलेली नसावी आणि अंगठा वर उचलण्यास मोकळा राहिला पाहिजे. पुट्टीचा जाड थर किंवा रुंद फळी यांमुळे पिस्तूल पेटीत मावेनासे होऊ शकते. म्हणून प्रत्येक बदलानंतर मोजमाप करावे. स्पर्धेच्या सकाळी साहित्य तपासणीत ते लक्षात आले तर उपाय करण्यास वेळ उरत नाही.

नवोदितांसाठी

नेमबाजी क्लबमध्ये एकच पिस्तूल अनेक मुले आळीपाळीने वापरतात. मूठ मध्यम मापाची असली, तर बारा वर्षांच्या मुलीचा हात तिच्याभोवती पुरत नाही. ती मनगट वाकवून चापापर्यंत पोहोचते आणि तीच सवय होते. पुढे स्वतःचे उत्तम पिस्तूल मिळाले तरी वाकलेले मनगट सुटत नाही. नवे पिस्तूल घेणे प्रत्येक कुटुंबाला परवडत नाही. परंतु क्लबने लहान मापाची एक जादा मूठ ठेवणे त्या तुलनेत स्वस्त आहे. वाढत्या वयात हाताचे माप दर सहा महिन्यांनी पुन्हा घ्यावे. पिस्तुलाच्या किमतीची चौकशी करण्यापूर्वी पालकांनी प्रशिक्षकांना एक प्रश्न अवश्य विचारावा : ही मूठ माझ्या मुलाच्या हाताची आहे काय?