वीस रुपये दंड

बंदी घातलेली पुस्तकं म्हटलं की आपल्याला आधी सावरकरांचं सत्तावन्नचं पुस्तक आठवतं, नाहीतर रश्दी. पण सरकारने राजपत्रात छापून घातलेली बंदी ही तशी सरळ गोष्ट. कुणी घातली, कधी घातली, सगळं कागदावर असतं. मला जास्त कुतूहल वाटतं ते दुसऱ्या प्रकारच्या बंदीचं. त्यात कायद्याचं एक कलम असतं, एक तक्रारदार असतो, आणि दंड इतका किरकोळ असतो की ऐकून हसू यावं. अशा तीन खटल्यांबद्दल हे लिहितोय. तिन्ही आपल्याच राज्यातले.

पहिला खटला र. धों. कर्व्यांचा. धोंडो केशवांचे थोरले चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाचा प्रचार करतात म्हणून १९२५ साली त्यांना विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. १९२७च्या जुलैत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' सुरू केलं आणि १९५३ साली मरेपर्यंत ते चालवलं. जवळजवळ एकट्याने, पदरमोड करून. वाचक पत्रं पाठवत आणि कर्वे त्यांना छापील उत्तरं देत. जे प्रश्न वडीलधाऱ्यांना विचारायची सोय नव्हती, ते सगळे त्या पत्रांत असायचे. १९३१ साली त्यांच्यावर पहिला खटला झाला आणि शंभर रुपये दंड बसला. १९३४ साली दुसरा खटला झाला, तो या प्रश्नोत्तरांवरूनच. त्यात कर्व्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. आंबेडकरांनी. वाचक प्रश्न विचारतोय आणि तो प्रश्न तुम्हाला विकृत वाटतोय, तर ती विकृती ज्ञानाशिवाय कशाने जाणार, असा बाबासाहेबांच्या युक्तिवादाचा रोख होता. खटला हरले. दंड दोनशे रुपये.

लक्षात घ्या, इथे शिक्षा झाली ती उत्तर देणाऱ्याला. पण दार बंद झालं ते विचारणाऱ्याच्या तोंडावर.

दुसरा खटला मुंबईतल्या हॅपी बुक स्टॉलचा. चार भागीदारांचं दुकान. १२ डिसेंबर १९५९ रोजी तिथे एक गिऱ्हाईक आलं आणि डी. एच. लॉरेन्सचं 'लेडी चॅटर्लीज लव्हर' घेऊन गेलं, काटछाट न केलेली आवृत्ती. गिऱ्हाईक खरं नव्हतं, खटल्यासाठी मुद्दाम पाठवलेलं होतं. चौघा भागीदारांवर भारतीय दंडविधानाच्या कलम २९२ खाली खटला भरला. मुल्कराज आनंद बचावाच्या बाजूने साक्ष द्यायला उभे राहिले. उपयोग झाला नाही. प्रत्येकी वीस रुपये दंड!

वीस रुपये भरून मोकळं व्हावं, असं कुणीही म्हटलं असतं. त्यातल्या रणजित उदेशींनी तसं केलं नाही. ते हायकोर्टात हरले, मग सुप्रीम कोर्टात गेले. कलम २९२ हेच मुळी राज्यघटनेने दिलेल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरुद्ध आहे, असं म्हणाले. शिवाय त्यांचा एक साधा, दुकानदाराचा मुद्दा होता: दुकानात येणारं प्रत्येक पुस्तक मी वाचून बघायचं की काय? १९ ऑगस्ट १९६४ रोजी निकाल लागला. कलम वैध ठरलं, पुस्तक अश्लील ठरलं, आणि दुकानदाराला ते ठाऊक होतं की नाही हे सरकारने सिद्ध करायची गरज नाही, असंही ठरलं.

न्यायालयाने कसोटी वापरली ती हिक्लिनची, १८६८ सालच्या इंग्लिश निकालातली. ज्यांची मनं असल्या प्रभावाला बळी पडू शकतात, अशांच्या हाती हा मजकूर पडला तर ते बिघडतील का, एवढंच तिच्यात पाहायचं. म्हणजे सगळ्यात कच्चा वाचक धरायचा आणि त्याच्या मापाने सगळ्यांचे कपडे शिवायचे. गंमत अशी की खुद्द इंग्लंडने १९५९च्या नव्या कायद्यात ती कसोटी टाकून दिली होती आणि १९६० साली लंडनच्या ज्यूरीने पेंग्विनला याच पुस्तकाबद्दल निर्दोष सोडलं होतं. आपण मात्र साहेबाने टाकलेला कोट आणखी पन्नास वर्षं वापरला. सुप्रीम कोर्टाने हिक्लिन स्पष्टपणे बाजूला ठेवली ती २०१४ साली. असो.

तिसरा खटला मला सगळ्यात आवडतो. 'रंभा' मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा आली. काकोडकर हे भरपूर लिहिणारे आणि भरपूर खपणारे लेखक. समीक्षकांनी त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही, पण लायब्ररीत त्यांच्या पुस्तकांना नंबर लावावा लागे. कुणा समाजहितदक्ष गृहस्थांनी तक्रार केली. मॅजिस्ट्रेटने सोडलं, हायकोर्टाने दोषी धरलं. दंड पंचवीस रुपये, आणि अंकाच्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम. काकोडकरही सुप्रीम कोर्टात गेले. २५ ऑगस्ट १९६९ रोजी ते निर्दोष सुटले.

निकालातला सूर मोठा मजेशीर आहे. कथेचा वाङ्मयीन दर्जा फार वरचा नसेल, लेखकाची अपरिपक्वताही तिच्यात दिसत असेल, पण वाचणारा बिघडेल असं तिच्यात काही नाही, असं न्यायमूर्तींनी म्हटलं.  म्हणजे बघा, लॉरेन्ससारखा लेखक पाच वर्षांपूर्वी हरला आणि आपले काकोडकर 'अपरिपक्व' हा शेरा घेऊन जिंकले! मला यात काही वावगं वाटत नाही. वाचायची मोकळीक फक्त थोर साहित्यापुरती असेल, तर थोर कोण हे ठरवणारा माणूस पुन्हा दारात बसवावा लागतो. त्याच वर्षी काकोडकरांच्या 'नीलांबरी'वरून काढलेला 'दो रास्ते' पडद्यावर आला आणि तुफान चालला. तिथे कुणाची मनं बिघडल्याची तक्रार ऐकिवात नाही.

१९६९ सालीच कलम २९२ मध्ये दुरुस्ती झाली. साहित्य, कला, विज्ञान यांच्यासाठी सवलत आली, आणि सोबत शिक्षाही वाढली: तीन महिन्यांची दोन वर्षं झाली. १ जुलै २०२४ पासून ते कलम भारतीय न्याय संहितेत २९४ या नव्या क्रमांकाने नांदतं आहे.

इतक्या कागदांत लेखक आहे, प्रकाशक आहे, दुकानदार आहे, तज्ज्ञ साक्षीदार आहे. 'ज्याच्या हाती पडलं तर' तो वाचक मात्र एकदाही पिंजऱ्यात येऊन बोलत नाही. उदेशी खटल्यात नोंदलेलं एकुलतं गिऱ्हाईक, तेही बोगस. त्याने निदान रात्री घरी जाऊन दोन-चार पानं तरी चाळली असतील का?