खिशातल्या दोन कॅप्सूल

खिशात हात घाला. स्ट्रिप आहे ना? अमॉक्सिसिलिन, ५०० मिलिग्रॅम, दहाची स्ट्रिप. आठ घरं फुटलेली, दोन कॅप्सूल शिल्लक. बाहेर काढू नका. इथं असल्या चकचकीत कागदात औषध कुणी पाहिलेलं नाही, आणि लढाईच्या दिवसांत अनोळखी माणसाच्या खिशातली अनोळखी वस्तू म्हणजे नसती भानगड.

तारीख १२ फेब्रुवारी १९४१. गाव ऑक्सफर्ड. वूडस्टॉक रोडवरच्या रॅडक्लिफ इन्फर्मरीत तुम्ही शिरलात. खिडक्यांना ब्लॅकआउटचे पडदे. वॉर्डात पाऊल टाकताच फिनाइलसारखा वास येतो आणि त्याच्याखालून दुसरा, गोडसर, पोटात ढवळून काढणारा. पुवाचा. हा वास आपल्या पिढीच्या नाकाला माहीत नाही. त्या काळी मात्र गळवं आणि चिघळलेल्या जखमा घेऊन माणसं महिनोन् महिने खाटेवर पडून असायची. ड्रेसिंग बदलायचं आणि वाट बघायची, एवढाच इलाज.

त्या खाटेजवळ चला. अल्बर्ट अलेक्झांडर, पोलीस शिपाई, वय ४३. गुलाबाच्या काट्यानं ओरखडा आला आणि सगळं सुरू झालं, अशी गोष्ट पुढे पुस्तकांमधून छापली जाणार आहे. त्याच्या घरचे मात्र सांगणार आहेत की जखम बॉम्बहल्ल्यातली होती. काहीही असो, ओठाजवळून शिरलेले जंतू चेहराभर पसरलेत. डोकं, खांदा, सगळीकडे गळवं. एक डोळा काढावा लागला. आता छातीही भरत चालली आहे.

सल्फाच्या गोळ्या देऊन झाल्यात. अंगावर पुरळ उठलं, गुण शून्य. सल्फा हे त्या काळातलं बडं औषध, पण पुवात ते लुळं पडतं. मेलेल्या पेशींच्या त्या चिखलात जंतूला जे हवं ते तयारच मिळतं, मग सल्फानं त्याची वाट अडवून उपयोग काय? म्हणजे औषध जंतूला मारू शकतं एवढं पुरत नाही. जंतू जिथं बसलाय तिथं ते चाललं पाहिजे. हे ध्यानात असू द्या, पुढे लागेल.

चार्ल्स फ्लेचर नावाचा तरुण डॉक्टर शिरेतून २०० मिलिग्रॅम पेनिसिलिन सोडतोय. पिवळट पुडीचं पाणी. त्या पुडीत खरं पेनिसिलिन काही टक्केच. बाकीचं काय आहे, ते देणाऱ्यांनाही सांगता येणार नाही. मग दर तीन तासांनी १००. रात्रीसुद्धा. कारण पेनिसिलिन म्हणजे फुटक्या माठातलं पाणी. इकडून भरावं तर तिकडून मूत्रपिंडं ते भराभरा लघवीत टाकून देतात. आणि या औषधाचा स्वभाव असा, की ते रक्तात किती चढलं यापेक्षा किती वेळ टिकलं याला महत्त्व. वाढणारा जंतू आपली भिंत रचत असतो आणि पेनिसिलिन त्या भिंतीतली सांधेजोड होऊ देत नाही. गवंडी कामावर असेपर्यंत औषधानं तिथं उभं राहायला हवं. मध्येच पाठ फिरवली की भिंत पुन्हा चढली. माणसाच्या पेशीला अशी भिंतच नसते, म्हणून अल्बर्टला त्याचा त्रास नाही.

दुसऱ्या दिवशी ताप उतरायला लागतो. गळवं वाहायची थांबतात. चौथ्या-पाचव्या दिवशी माणूस जेवायला मागतो.

आता तुमचा हात खिशात चाललाय, मला दिसतंय. या माणसाला पाच दिवसांत मिळून जेवढं खरं पेनिसिलिन मिळणार आहे, त्याहून जास्त औषध तुमच्या एका कॅप्सूलमध्ये आहे. शिवाय अल्बर्टच्या अंगातल्या स्टॅफिलोकॉकसनं हे औषध जन्मात पाहिलेलं नाही, तेव्हा तो त्याला बहुधा बळी पडेल. पण तुमच्याकडे दोनच. आठ-आठ तासांनी एक, म्हणजे सोळा तासांची सोय. सतराव्या तासाला काय करणार?

हाच प्रश्न इथल्या लोकांना पडलाय. म्हणून रोज अल्बर्टची लघवी बाटलीत भरून सायकलवरून साउथ पार्क्स रोडवरच्या डन स्कूलच्या प्रयोगशाळेत जाते. मागोमाग तुम्हीही चला. थंडी आहे, कॉलर वर करा.

प्रयोगशाळा कसली, जुन्या बाजाराचं गोदाम वाटतं. दुधाच्या बरण्या, आंघोळीचा टब, ग्रंथालयानं टाकून दिलेल्या पुस्तकांच्या मांडणीवर उभारलेलं काचनळ्यांचं जंजाळ. हे सगळं नॉर्मन हीटलीचं डोकं. हॉवर्ड फ्लोरी साहेब, अर्न्स्ट चेन रसायनवाला, आणि हीटली सगळ्या अडचणींवर तोड काढणारा. नोबेल मिळालं तेव्हा पहिल्या दोघांना पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगबरोबर मिळालं, हीटलीला नाही. मला हे अजून खुपतं. पेनिसिलिन देणारी बुरशी वाढवायला पसरट भांडी हवीत म्हणून आधी बेडपॅन वापरून झाले. मग त्यांच्याच धर्तीवर चिनीमातीची भांडी करवून घेतली आणि डिसेंबरात हीटली स्वतः व्हॅनमधून १७४ नग घेऊन आला. महिन्याकाठी लिटरच्या लिटर रस गाळायचा आणि हाती लागायची चिमूटभर पूड. त्यामुळे रुग्णाच्या लघवीतून निघणारं पेनिसिलिन पुन्हा काढून त्यालाच टोचायचं, यात कुणाला काही गैर वाटत नाही.

टेबलावरची ती प्लेट बघा. जेलीवर जंतूंची साय धरली आहे, आणि तिच्यात काचेच्या बारीक नळ्या उभ्या केल्यात. प्रत्येक नळीत औषधाचे थेंब. रात्रभरात नळीभोवती जंतू उगवलेच नाहीत, एक स्वच्छ वर्तुळ पडलंय. हीटली ते वर्तुळ मोजतो. जितकं रुंद तितकं औषध कडक. हे वर्तुळ डोळ्यांत साठवून ठेवा. आपल्याला ते आणखी एकदा भेटणार आहे.

याच इमारतीत दोन महिन्यांपूर्वी, डिसेंबर १९४० मध्ये, चेन आणि एडवर्ड अब्राहम यांनी एक लहानसं टिपण छापलं. पोटातल्या एका जंतूच्या अर्कात त्यांना असं एक एन्झाइम सापडलं, जे पेनिसिलिनच मोडून टाकतं. पहिल्या रुग्णाला पहिली सुई टोचायच्या आधीच तोड ठाऊक झाली होती.

१७ फेब्रुवारी. पूड संपली. काही दिवस अल्बर्टची तब्येत बरी राहते, सगळ्यांना आशा वाटते. मग फुप्फुसात उरलेले जंतू पुन्हा डोकं वर काढतात. १५ मार्चला तो गेला. पुढे फ्लोरींच्या चमूनं लहान मुलं निवडली. लहान देहाला थोडक्यात भागतं, हा सरळ हिशेब.

निघू या. स्टॉकहोममध्ये पाचच मिनिटं. ११ डिसेंबर १९४५. अलेक्झांडर फ्लेमिंग नोबेलचं व्याख्यान देतायत. एक काल्पनिक गृहस्थ, घसा दुखतोय म्हणून स्वतःच पेनिसिलिन आणतो, अपुरं घेतो, त्याच्या घशातले जंतू मरत नाहीत पण शहाणे होतात, आणि तेच जंतू बायकोला लागतात; मग तिला औषध लागू पडत नाही. सभागृहात टाळ्या. (बहुतेक घसादुखीचा बाप विषाणू असतो, त्याला पाडायला भिंतच नसते, ही गोष्ट वेगळीच.) लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलात मेरी बार्बर यांनी स्टॅफिलोकॉकसची मोजदाद केली, तर १९४७ मध्ये ३८ टक्के पेनिसिलिनला दाद देईनात, आणि पुढच्याच वर्षी अर्ध्याहून जास्त.

पिंपरीला उतरायचं तर उतरू, १९५५ साल आहे. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा नवा कारखाना, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं उभा राहिलेला. उंच टाक्यांत हवा घुसळत बुरशी वाढते आहे. बेडपॅनचा जमाना संपला. आपल्याकडचं पेनिसिलिन आपल्याकडेच. त्याचा आनंद मानायला हरकत नाही, पण तुमची आत्या वाट बघते आहे.

आज. आपल्याच एका जिल्ह्याच्या गावातलं हॉस्पिटल. लिंबं तोडताना आत्याच्या तळहातात काटा मोडला, त्याला सहा दिवस झाले. हात सुजून पावासारखा झालाय, लाली मनगटाच्या वर चढते आहे, अंगात ताप आणि जोडीला जुनी शुगर. आत्याचं म्हणणं सोपं आहे. "बाळा, एवढं कशाला? मेडिकलवाल्याकडून एखादी पॉवरची गोळी आण की."

डॉक्टरबाई तरुण आहेत, डोळ्यांत रात्रपाळी. त्या गोळीचं नावही काढत नाहीत. आधी गळू फोडतात. पू जिथं साठला तिथं पहिला मान सुरीचा. त्या तळ्यात औषध पोचता पोचत नाही. पुवाचा थोडा भाग काडीवर घेऊन प्रयोगशाळेत. मग प्रश्न. पेनिसिलिननं कधी पुरळ, दम, सूज? किडनीचा रिपोर्ट? आणि शेवटचा, तुमच्याकडे बघून:

"आधी काही गोळ्या दिल्यात का?"

दिल्यात. दाढ दुखली तेव्हा तुम्हाला मिळालेली स्ट्रिप. सहा तुम्ही घेतल्या, ठणका थांबल्यावर बाकीच्या कपाटात. परवा त्यातल्या दोन आत्याला दिल्या. बाई काही बोलत नाहीत, केसपेपरवर नाव, दिवस, वेळ लिहून घेतात.

काडीच्या मागे जा. टेक्निशियननं काचपट्टीवर पू पसरला, वाळवला, आणि जांभळा रंग ओतला. मग आयोडीन. मग धुतला. हा उद्योग १८८४ साली बर्लिनमध्ये हान्स क्रिश्चन ग्राम या डॅनिश डॉक्टरनं काढला, न्यूमोनियानं मेलेल्यांच्या फुप्फुसांचे काप न्याहाळताना. आपली रीत सदोष आहे, असं त्यानं स्वतःच लिहून ठेवलं. त्या सदोष रीतीवर आज १४० हून जास्त वर्षांनी आत्याचं औषध ठरतंय. जाड भिंतीचा जंतू जांभळा राहतो, पातळ भिंतीवर आणखी एक पडदा असलेला गुलाबी दिसतो. सूक्ष्मदर्शकात डोकवा: जांभळे ठिपके, द्राक्षाच्या घडासारखे. स्टॅफिलोकॉकस, जवळजवळ नक्की.

पूर्ण रिपोर्ट यायला दोन दिवस. तोवर आत्याला थांबवता येत नाही. शुगर आहे, लाली चढते आहे. म्हणून अंदाजानं सुरुवात, पण अंदाज मोकाट नाही. घड जांभळा, जागा कातडी, काटा घरच्या झाडाचा म्हणजे हॉस्पिटलातला बेरकी जंतू असायचा संभव कमी. सेफाझोलिन, शिरेतून, दर आठ तासांनी, किडनी बघून मात्रा. वरच्या फळीवर मेरोपेनेम आहे. ते कितीतरी प्रकारचे जंतू मारेल, त्यांत आत्याच्या पोटातले निरुपद्रवीच जास्त, आणि मागे राहतील ते नेमके त्यालाही न जुमानणारे.

"हे इंजेक्शन पॉवरचं आहे ना?" आत्या विचारते.

"मावशी, तुमच्या जंतूच्या मापाचं आहे," बाई म्हणतात आणि पुढच्या खाटेकडे जातात.

तिसऱ्या दिवशी सकाळी टेक्निशियन प्लेट उजेडात धरतो. ओळखलीत? जेलीवर जंतूंची साय. काचनळ्यांच्या जागी आता औषधात भिजवलेल्या कागदाच्या टिकल्या. सेफॉक्सिटिनच्या टिकलीभोवती स्वच्छ वर्तुळ. पट्टी लावतो. "सव्वीस." बावीस मिलिमीटर किंवा वर असेल तर सेफाझोलिनच्या जातीची औषधं चालतात, खाली असेल तर हा एमआरएसए, म्हणजे या औषधांना न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस, आणि मग व्हॅन्कोमायसिनची पाळी. पट्टी पुढे सरकते. पेनिसिलिनची टिकली. तिच्याभोवती वर्तुळ नाहीच. साय टिकलीच्या काठाला भिडलेली. डिसेंबर १९४० मधल्या टिपणातल्या एन्झाइमचा चुलतभाऊ या जंतूकडे आहे. अमॉक्सिसिलिनलाही तो तितक्याच सहज मोडतो. आत्याला दिलेल्या दोन कॅप्सूल त्यानं पचवून टाकल्या. अल्बर्टच्या जंतूला त्याच दोन चालल्या असत्या, सोळा तास का होईना.

टेक्निशियन रिपोर्टवर पेनिसिलिनपुढे "आर" लिहितो: रेझिस्टंट.

संध्याकाळी बाई केसपेपरवर खूण करतात: ताप नाही, लाली उतरली, उद्यापासून सेफॅलेक्सिनच्या गोळ्या, आणि समोर औषध थांबवायची तारीख. मोजून तेवढ्याच गोळ्या लिहून दिल्या आहेत.

रात्रीचे दोन. सिस्टर शेवटचं इंजेक्शन देऊन जाते. आत्या तासाभरानं जागी होते, बेडपॅन मागते. सेफाझोलिनही पेनिसिलिनसारखंच, बरंचसं जसंच्या तसं लघवीत उतरतं. आया भांडं झाकून उचलते, चपला ओढत व्हरांड्याच्या टोकाला जाते. बाहेर स्टँडला एक सायकल लावलेली आहे, वॉचमनची. आया तिच्याकडे बघतही नाही. संडासात भांडं उपडं होतं, फ्लशचा आवाज येतो, आणि नळाखाली बेडपॅन खळखळून धुतला जातो.