विजेचा उजेड आणि चित्रकाराची रात्र

शेंकडों वर्षें चित्रकाराला उजेड पुरविला तो सूर्यानें, चंद्रानें आणि दिव्याच्या ज्योतीनें. १८७९ सालीं एडिसनचा विजेचा दिवा यशस्वी झाला आणि १८८२ च्या सप्टेंबरांत न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरील वीजघर सुरू झालें. हा नवा उजेड तैलरंगांत कसा पकडावा, हा प्रश्न पुढच्या पिढीसमोर उभा राहिला.

रोममध्यें राहणाऱ्या जाकोमो बाल्ला ह्यानें त्याला एक उत्तर दिलें. ‘रस्त्यावरील दिवा’ ह्या त्याच्या चित्रावर १९०९ हें साल घातलेलें आहे. मध्यभागीं प्रखर दिवा, त्याच्या भोंवतीं बाणाग्रांसारखे उसळणारे रंगीत किरण, आणि त्या झोतांत फिकी पडलेली चंद्रकोर. यंत्रयुगानें चंद्रावर मात केली, असा त्या चित्राचा विजयघोष आहे.

तीस वर्षांनंतर तो विजयघोष ओसरला होता. न्यूयॉर्कचा एडवर्ड हॉपर हा त्या वीजघराच्याच वर्षीं, १८८२ सालीं, जन्मलेला. चित्र सुचेनासें झालें म्हणजे तो चित्रपटगृहांत जाऊन बसे. १९३९ सालीं त्यानें ‘न्यूयॉर्क मूव्ही’ हें चित्र रंगविलें. त्यासाठीं पन्नासांहून अधिक कच्चीं रेखाटनें केलीं. ह्या चित्रांत पडद्याचा लहानसा तुकडाच दिसतो. प्रेक्षक अंधारांत बुडालेले आहेत. भिंतीवरील दिव्यापाशीं मात्र, प्रेक्षकांना जागा दाखविणारी निळ्या गणवेशांतील तरुणी हनुवटीला हात लावून उभी आहे. तिच्यासाठीं हॉपरची पत्नी जोसेफाइन हीच त्याच्यासमोर उभी राहिली होती. इतरांच्या करमणुकीसाठीं उजळलेल्या त्या जागेंत, जिची करमणूक होत नाहीं अशी एकच व्यक्ति चित्रकारानें उजेडांत आणली.

१९४२ च्या जानेवारींत त्यानें ‘नाइटहॉक्स’, म्हणजे निशाचर, हें चित्र पुरें केलें. पर्ल हार्बरवरील हल्ल्याला तेव्हां जेमतेम दीड महिना झाला होता. उपाहारगृहाच्या मोठ्या कांचेंतून उजेड निर्मनुष्य रस्त्यावर सांडतो. आंत चार माणसें आहेत. पण रस्त्यावरून आंत जाण्याचें दार कोठेंच दिसत नाहीं. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटनें तें चित्र त्याच वर्षीं ३,००० डॉलरना विकत घेतलें.

चित्रपटानेंही हॉपरकडून घेतलें. त्याच्या १९२५ सालच्या ‘रेल्वेमार्गाकाठचें घर’ ह्या चित्रावरून हिचकॉकला १९६० सालच्या ‘सायको’ मधील घराची कल्पना मिळाली. परंतु पडद्यावरील छाया क्षणांत सरकते. तैलरंग तिला थांबवितो. आणि उजेड कोणासाठीं लावला व पडला कोणावर, हें सावकाश पाहावयास लावतो.