हाजीर मजालस

म्हाताऱ्या माणसांना चार घटका बसायला जागा हवी, हा विचार उद्यानांच्या पाट्यांमुळे नवा वाटतो. आपल्या भागात तो फार जुना आहे. शिवकाळातले आणि पेशवाईतले महजर पाहिले की वतनाच्या किंवा शिवेच्या तंट्यात 'हाजीर मजालस' म्हणून बसलेल्यांची नावे सापडतात. मजालस म्हणजे आमच्या उर्दूतली मजलिस. महजर हा शब्दही अरबीच. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, त्यांत मुलाणीही, चावडीवर किंवा देवळात जमत. शीव कुठून जाते, हे बुजुर्गांच्या आठवणीवर ठरे. म्हातारा तिथे वेळ घालवायला येत नसे, गावाला त्याची गरज असे.

1818 नंतर एल्फिन्स्टनने पंचायती टिकवायचा प्रयत्न केला, पण हळूहळू न्याय कचेरीत गेला, पुरावा कागदावर गेला. चावडी तलाठ्याची झाली. पार मात्र उरला, पण काम गेलेला. मधे 1943 नंतर सातारच्या प्रतिसरकारने गावोगाव न्यायदान मंडळे बसवली, तेव्हा आमच्या वाळवे तालुक्यात पुन्हा काही काळ गावातच निवाडे होऊ लागले. 1949 मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला, 1960 मध्ये त्याचे सांगली नाव झाले. तोवर ते दिवस आठवणीत जमा झाले होते.

आष्ट्यासारख्या गावात जागा कशी असावी, हे जुन्या पाराकडे पाहून कळते. सावली झाडाची, ओटा गुडघ्याला न दुखवणारा, समोर येजा चालू, घर हाकेच्या अंतरावर. मशिदीत असर आणि मगरिबच्या मधे हौदाकाठी रेंगाळणाऱ्या बुजुर्गांचेही तेच. नमाज ही निमित्त असते असे आम्ही म्हणणार नाही, पण गप्पा तिच्याच आधाराने होतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये 33 शहरांतल्या वृद्धांना विचारून मार्गदर्शिका काढली. त्यांनी मागितले काय? बसायला बाक, सपाट पायवाट, जवळ स्वच्छतागृह. पारावर यातले शेवटचे कधीच नव्हते, हेही सांगितले पाहिजे.

आणि बायका? पारावर त्या बसल्याच नाहीत. त्यांची मजलिस पाणवठ्यावर, जात्यापाशी, उरुसाच्या गर्दीत. नळ आला, गिरणी आली. कष्ट वाचले, त्याबद्दल कुणी रडू नये. पण त्या निमित्ताने होणारी भेट गेली आणि तिच्या जागी काहीच आले नाही. हल्ली विरंगुळा केंद्र बांधले की कॅरम, वर्तमानपत्र आणि पुरुष. आमच्या शाळेतल्या मुलांच्या दाद्या-नान्या शाळा सुटायच्या अर्धा तास आधीच फाटकाशी येऊन उभ्या राहतात. उन्हात, भिंतीला टेकून, नातवाचे दप्तर घ्यायला. अर्धा तास आधी का, हे त्यांच्या गप्पा ऐकल्यावर कळते. तिथे एक ओटा आणि एक कडुनिंब, एवढे नगरपालिकेकडे मागायला हवे.