घोडा भीमेचा, सांडणी मारवाडची

दिवाळीची सुटी लागली की आमच्या सोलापूरची पुष्कळ कुटुंबे हल्ली राजस्थानची वाट धरतात. जयपूर, जोधपूर करीत करीत ती जैसलमेरला पोचतात आणि तेथून पंचवीसेक मैलांवर असलेल्या सम गावी वाळूच्या टेकड्या पाहायला जातात. उन्हे कलली की तेथे उंटांची रांग तयारच बसलेली असते. शेजारी दोनचार घोडेही उभे असतात. उंटवाला नाकातल्या खुंटीची दोरी हातात धरतो आणि स्वाराला बजावतो, "मागे रेला, मागे रेला!" कारण हे जनावर उठताना मागचे पाय आधी उभे करते; न रेलणारा माणूस सरळ त्याच्या मानेवर येतो. मग एका अंगाचे दोन्ही पाय एकदम, पुन्हा दुसऱ्या अंगाचे दोन्ही पाय एकदम, असे टाकीत ते डुलत डुलत निघते आणि वरचे मंडळ होडीत बसल्यासारखे हेलकावत राहते. अर्ध्या तासाची फेरी. फोटो निघतो, मुले हसतात, आजी देवाचे नाव घेत खाली उतरते.

या अर्ध्या तासाच्या फेरीमागे आपल्या इतिहासाचे एक पान दडलेले आहे. दिवाळीच्या निवांत वेळी ते उलगडून पाहावे असे पुष्कळ दिवस मनात होते.

मराठी भाषेला उंट कधी मनापासून आवडला नाही. घोड्याविषयी बोलताना ती घोडामैदानाची गोष्ट करते, गंगेत घोडे न्हाऊ घालते, फार तर वरातीमागून घोडे आणणाऱ्याची थट्टा करते. पण घोडा तिच्या घरातला. उंटाचे तसे नाही. स्वतः काही न करता लांबून हुकूम सोडणाऱ्याला आपण उंटावरून शेळ्या हाकणारा म्हणतो, आणि उंटावरच्या शहाण्याची गोष्ट तर शाळेतल्या प्रत्येक पोराला पाठ असते. म्हशीचे डोके रांजणात अडकले म्हणून गावकऱ्यांनी शहाण्याला बोलावले. तो उंटावरून उतरेना, म्हणून त्याला आत आणायला दरवाजा पाडला. त्याने म्हशीची मान कापायला सांगितली आणि मग डोके काढायला रांजण फोडायला सांगितला. वर्गात ही गोष्ट सांगताना मी दरवर्षी पाहतो, मुले हसतात ती शहाण्याला, पण त्या हसण्यात थोडासा वाटा उंटाचाही असतो.

हा दुरावा का आला असावा? माझा आपला एक तर्क आहे. उंट हे कोरड्या, रेताड जमिनीचे जनावर. त्याच्या पायाला खूर नसून रुंद, मऊ गादी असते. वाळूत ती पसरते आणि रुतत नाही. हीच गादी चिखलात घसरते. सह्याद्रीचा पाऊस आणि देशावरची काळी माती यांचे नि उंटाचे जमायचे कसे? आषाढात आमच्या मंगळवेढ्याच्या रानातून माणसालासुद्धा पायताण हातात घेऊन चालावे लागते! उलट भीमेच्या काठचे भीमथडी तट्टू हे याच मातीत वाढलेले. ठेंगणे, काटक, थोड्या चाऱ्यावर निभावणारे, घाट चढताना न थकणारे. मराठ्यांची दौड झाली ती बहुतांशी असल्या तट्टांच्या पाठीवर. अलीकडे सरकारदरबारी भीमथडीची घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली, हे चांगलेच झाले. तट्टाला मान मिळायला तीनशे वर्षे थांबावे लागले, इतकेच.

तरीही राज्य चालवणाऱ्या माणसांना उंटावाचून भागत नव्हते. शिवकालीन अठरा कारखान्यांची यादी काढून पाहा. पीलखाना, तोफखाना, नगारखाना यांच्या ओळीत उष्ट्रखानाही बसलेला दिसेल. तंबू, बाण, जंबुरे अशी अवजड ओझी उंटावर जात. आणि निकडीचा निरोप असला की सांडणीस्वार निघे. सांडणी म्हणजे चपळ चालीची उंटीण. एरवी पत्रे नेणारे जासूद पायी जात, बहुधा जोडीने, म्हणून 'जासूदजोडी' हा शब्द जुन्या कागदांत वारंवार भेटतो. घोडा थोड्या अंतरात सांडणीला सहज मागे टाकील. पण त्याला रोज पाणी हवे, दाणा हवा, विसावा हवा. सांडणी झाडाचा पाला ओरबाडून दिवसचे दिवस चालते. उंटाच्या मदारीत पाणी असते ही समजूत मात्र खोटी. तेथे चरबी असते. पाणी तो मिळेल तेव्हा पितो, आणि तहानलेला असला म्हणजे पाव तासात शंभर लिटर रिचवतो.

आता उंटांचा मोठा मेळा आपल्याच जिल्ह्यात कधी उतरला होता ते पाहू. सोलापूरहून मंगळवेढ्याला जाताना भीमेकाठी माचणूर लागते. सिद्धेश्वराच्या दर्शनाला आणि नदीच्या घाटावर डबा खायला आपण जातो ते ठिकाण. याच्या लगतच ब्रह्मपुरी. इ. स. १६९५ ते १६९९ अशी चार वर्षांहून अधिक काळ औरंगजेब बादशहाची छावणी येथे होती. तिला त्याने इस्लामपुरी असे नाव दिले होते. ब्रह्मपुरीला येण्याच्या थोडे आधी, १६९५ च्या मार्चमध्ये, बादशहाचा मुक्काम कृष्णाकाठी गलगली येथे होता. जेमेल्ली कारेरी नावाचा एक इटालियन प्रवासी तेथे जाऊन त्याला भेटला. त्याने ऐकून लिहिलेले आकडे वाचून डोळे फिरतात. साठ हजार घोडेस्वार, एक लाख पायदळ आणि नुसते सामान वाहायला पन्नास हजार उंट नि तीन हजार हत्ती! छावणीचा घेर तीस मैल. परक्या प्रवाशाच्या आकड्यांतून थोडा फुगारा वजा करायचा असतो. निम्मे उंट वजा केले तरी उरलेल्यांना रोज चारा कोठून आणीत असतील, हा प्रश्न सांगोला-मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याला विचारावा. दुष्काळी साली दोन बैल जगवताना काय होते ते त्याला ठाऊक आहे.

हे चालते शहर एका जागेहून दुसऱ्या जागी हलायचे म्हणजे केवढा खटाटोप! आणि नेमक्या याच खटाटोपावर संताजी घोरपड्यांची नजर असे. १६९५ च्या नोव्हेंबरात चित्रदुर्गाकडे कासिमखान निघाला होता. त्याचे तंबू-सामान रिवाजाप्रमाणे एक मजल पुढे गेलेले. संताजीने आधी ते सामानच गाठले, लुटले, जाळले. मग खानाला दोड्डेरीच्या गढीत कोंडला. खान तेथेच मेला. हलका घोडा आणि ओझ्याने वाकलेला उंट यांची गाठ दक्षिणेत पडली तेव्हा असा निकाल लागला. पुढे १६९७ च्या पावसाळ्यात भीमेला पूर येऊन ब्रह्मपुरीच्या छावणीची दाणादाण उडाली. नदीनेही एक हात मारून घेतला म्हणायचा.

एवढ्यावर गोष्ट संपती तर आपल्या म्हणी खऱ्या ठरल्या असत्या. पण साठ वर्षांत पारडे उलटले. मराठ्यांचे घोडे नर्मदा ओलांडून, माळवा ओलांडून मारवाडच्या रेतीत जाऊन उभे राहिले.

जोधपूरच्या गादीवरून दोन चुलतभावांचे भांडण लागले होते, रामसिंह आणि विजयसिंह यांचे. रामसिंहाने मदतीला बोलावले म्हणून जयाप्पा शिंदे तिकडे गेले. हे सातारा भागातल्या कण्हेरखेडचे घराणे. राणोजींचे थोरले चिरंजीव. १७५४ च्या सप्टेंबरात मेडत्याजवळ लढाई झाली आणि विजयसिंहाचा मोड झाला. त्याच्या पलायनाची एक गोष्ट कर्नल टॉडने आपल्या राजस्थानच्या इतिहासात दिली आहे, ती इतकी गोड आहे की खरी नसली तरी ठेवावीशी वाटते. राजाचा घोडा वाटेत कोसळला. रात्र झालेली, नागोर लांब. एका जाटाला पाच रुपये कबूल करून राजा त्याच्या बैलगाडीत बसला. उजाडायच्या आत नागोर गाठायचे होते, म्हणून तो सारखा "हाक, हाक" करू लागला. जाट वैतागला. बैल चांगले पळत असताना ही कसली घाई, आणि एवढा धडधाकट गडी मेडत्याला विजयसिंहाच्या बाजूने लढायचा सोडून पळतो कशाला, असे त्याने सुनावले. दिवस उजाडला तेव्हा आपल्या शेजारी बसलेला उतारू कोण आहे ते त्याने पाहिले आणि गाडीवरून खाली उडी टाकली.

नागोरचे बैल पळण्यात नामांकित. आपल्या खिलारीला शोभतील असे. पण मला या गोष्टीत बैलांपेक्षा तो गाडीवान महत्त्वाचा वाटतो. अंधाऱ्या रात्री, खाणाखुणा नसलेल्या मुलखात, पाच रुपयांत राजाला वाट दाखवणारा माणूस! रेतीत वाटाड्याची किंमत सोन्याने होते. चौदाव्या शतकात इब्न बतूता सहारा ओलांडून गेला, तेव्हा काफिल्याची वर्दी घेऊन पुढे जाणाऱ्या माणसाला शंभर मिस्काल सोने देण्यात आले होते. त्यांचा वाटाड्या एका डोळ्याने आंधळा होता, दुसराही डोळा दुखरा. आणि वाट त्याच्याइतकी कोणाला माहीत नव्हती, असे बतूताने लिहून ठेवले आहे. वाळूतली वाट वाऱ्यासरशी पुसली जाते. ती डोळ्यांनी नव्हे, सवयीने ओळखायची असते.

जयाप्पांच्या फौजेला ही सवय कोठून असणार? त्यांनी नागोरला वेढा घातला आणि तावसर येथे तळ दिला. पेशव्यांना हे प्रकरण लवकर आटोपून हवे होते. जयाप्पांना ते पुरते तडीस न्यायचे होते. आठवडे गेले, महिने गेले, उन्हाळा गेला. भीमाकाठी पाण्याच्या अंगाने चाललेला घोडा येथे दोरीला बांधून उभा. दाणापाणी दुरून आणायचे. ज्या चपळाईवर मराठ्यांनी बादशाही नमवली ती चपळाई वेढ्यात काय कामाची? १७५५ च्या जुलैत, बोलणी चालू असताना, मारवाडातून आलेल्या मारेकऱ्यांनी छावणीतच जयाप्पांचा खून केला. रणात पडण्याची ज्या घराण्याला सवय, त्यातला कर्ता पुरुष असा गेला. धाकटे दत्ताजी त्या दिवशी डगमगले असते तर फौज फुटली असती. त्यांनी दुःख बाजूस ठेवले आणि वेढा चालू ठेवला.

आणि मग सांडणीने आपला डाव खेळला. विजयसिंह निवडक सोबत्यांनिशी सांडण्यांवर बसून रात्रीच्या अंधारात नागोरातून निसटला आणि बिकानेरला जाऊन पोचला. अंतर सुमारे सत्तर मैल. टॉड म्हणतो, एका अहोरात्रात. मध्ये सारी रेती. पाठलाग करायचा तर मराठ्यांच्या घोड्यांनी वाटेत पाणी कोठे प्यावे आणि कोणाच्या सांगण्यावरून वळावे? दोड्डेरीला उंटाच्या ओझ्याने मोगल अडला होता. नागोरला घोड्याच्या तहानेने मराठा अडला.

शेवटी १७५६ च्या आरंभी तह झाला. पन्नास लाखांचा आकडा कागदावर पडला. अजमेर शिंद्यांकडे आले. राजस्थानात त्याला जयाप्पांची 'मुंडकटी', म्हणजे शिराची भरपाई, म्हणतात. शहर मिळाले, पण माणूस गेला, आणि राजपुतांशी जे वितुष्ट पडले ते काही लाखांनी भरून निघाले नाही. पाच वर्षांनी पानिपतावर उत्तरेतले हे राजे मराठ्यांच्या बाजूला उभे राहिले नाहीत. त्याच रणात अब्दालीने उंटांच्या पाठीवर जंबुरे लादून आणले होते. हलत्या तोफाच त्या. हव्या तेथे बसवाव्यात, डागाव्यात, पुन्हा उठवाव्यात. १४ जानेवारी १७६१ च्या दुपारनंतर त्यांनी केलेला संहार घरोघरी माहीत आहे. तो येथे सणाच्या दिवशी सविस्तर सांगत नाही. दत्ताजी तर त्याच्या वर्षभर आधीच, १७६० च्या जानेवारीत, बुराडी घाटावर पडले होते.

सैन्यातून उंट पुष्कळ उशिरा निघाला. बिकानेरची गंगा रिसाला ही उंटस्वारांची पलटण १९१५ साली सुएझच्या कालव्यावर लढली. आजही राजस्थानच्या सीमेवर सीमा सुरक्षा दलाचे उंट गस्त घालतात आणि प्रजासत्ताकदिनी दिल्लीला त्यांचे संचलन होते. समच्या टेकड्यांवर दोरी धरून चालणारा उंटवाला बहुधा पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा असतो. मागे पाहिल्यावाचून चालतो. टेकडीमागे टेकडी, सगळ्या सारख्या. तो कधी थबकत नाही. त्याच्याशी चार शब्द बोलावे. वारा कोणत्या महिन्यात कोणत्या दिशेने टेकडी सरकवतो ते तो सांगेल.

आणि येताजाता एक दिवस काढता आला तर जोधपूरहून बिकानेरकडे निघावे. वाटेत नागोर लागते. तावसरला जयाप्पांची छत्री आहे. तिकडे मराठी प्रवासी क्वचित फिरकतात. इकडे दिवाळीच्या सुमारास अकलूजला नीरेकाठी घोडेबाजार भरतो, त्यात मारवाडी घोडे मोठ्या दिमाखाने उभे असतात. आत वळलेल्या कानांची टोके एकमेकांना टेकतात, त्यावरून ते लांबूनही ओळखू येतात. गेल्या खेपेस आमच्या वर्गातल्या एका मुलाने तेथे एका व्यापाऱ्याला विचारले, हा घोडा कुठला? व्यापारी म्हणाला, "मेडत्याकडचा."